पंधरा वर्षं झालेली बाईक: पासिंगला कोणती भरवशाची?

घरात 2010-11 ची स्प्लेंडर आहे, शेजारच्या गल्लीत तेवढ्याच वयाची पल्सर 150 विकायला निघाली आहे, आणि मन मात्र आरएक्स 100 कडे किंवा जुन्या कास्ट आयर्न बुलेटकडे धावतंय. अशा वेळी बहुतेक जण मायलेज विचारतात, इंजिनाचं काम झालंय का ते विचारतात. आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत कधी संपते आणि ही गाडी पासिंगला, म्हणजे नोंदणी वाढवण्यासाठीच्या आरटीओ तपासणीला, उभी केली तर एका फेरीत निघेल का, हे सौदा झाल्यावर आठवतं. माझ्या मते हाच प्रश्न पहिला विचारायला हवा. म्हणून या चार गाड्या इथे फक्त त्या एका अंगाने शेजारी शेजारी ठेवतो.

आधी नियम. खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते. पुढे आरटीओत गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी तपासणी असते, तशी आपल्याकडे खासगी बाईकला नाही. भाड्याच्या दुचाकीचं वेगळं आहे. गोव्यातले पायलट चालवतात ती काळी-पिवळी मोटारसायकल ट्रान्सपोर्टमध्ये मोडते. तिला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतं. खासगी गाडीवर मधल्या काळात लक्ष ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र. बीएस-4 या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाडीला ती दर सहा महिन्यांनी काढावी लागते, आणि आपण बोलतोय त्या चारही गाड्या त्यातच येतात. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ ही समजूत दिल्ली परिसरातल्या निर्बंधांवरून पसरली. महाराष्ट्रात गाडी पास झाली, कर भरला, की ती रीतसर चालवता येते.

निरीक्षकाची नजर कुठे जाते

लोक इंजिनाची चिंता करत आरटीओत जातात आणि अडकतात भलतीकडेच. मोटार वाहन निरीक्षक सगळ्यात आधी चॅसीस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो. बहुतेक बाईकवर चॅसीस नंबर हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर ठोकलेला असतो. तिथेच वायरिंगचा गुंडा, क्लचची केबल आणि पंधरा पावसाळ्यांचा चिखल एकत्र येतो. आदल्या दिवशी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन ती जागा साफ करा, त्यावर पेन्सिल आडवी घासा आणि सेलोटेप चिकटवून उचला. टेपवर सगळे आकडे स्वच्छ उमटले तर अर्धी काळजी मिटली. गंजाने एखादा आकडा खाल्ला असेल, किंवा कुणी त्या जागी रंगाचा जाड थर मारला असेल, तर इंजिन कितीही छान चालू दे, फाइल तिथेच थांबते.

त्यानंतर हेडलाइटचा अप्पर-डिप्पर, चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, आरसे, टायर, दोन्ही ब्रेक, सायलेन्सर आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट. 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंद झालेल्या गाडीलाही ती प्लेट आता लागते. दुचाकीसाठी तिची किंमत 450 रुपये अधिक जीएसटी अशी ठरवलेली आहे. विमा आणि पीयूसी चालू हवी. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी घेऊन तो आधी उतरवा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा कागदावर तसाच राहतो.

स्प्लेंडर

सहज पास होण्याच्या बाबतीत मी स्प्लेंडरला निःशंक पहिला नंबर देतो. कारण तिचा प्रत्येक तपासला जाणारा भाग तालुक्याच्या बाजारात मिळतो आणि कुठल्याही मेकॅनिकला बसवता येतो. इंडिकेटरची काच, ब्रेक स्विच, क्लच केबल, ब्रेक शू या सगळ्याला फार तर एक दुपार लागते. 97.2 सीसीचं ते इंजिन पीयूसीच्या मशीनवर सहसा त्रास देत नाही.

तिची दुखणी छोटी आणि ठरलेली आहेत. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट कॉइलवर चालतो. त्यामुळे गाडी आयडलला असताना तो मंद दिसतो आणि रेस दिली की उजळतो. तपासणीच्या वेळी इंजिन चालू ठेवून थोडी रेस द्या. हॉर्न आणि इंडिकेटर मात्र बॅटरीवर आहेत, आणि किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी अगदी लहान असते. ती मेली तरी गाडी एका किकमध्ये सुरू होते, म्हणून मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. शेतावर, दूध घालायला, बाजाराला रोज फिरलेल्या गाड्यांमध्ये हे हमखास सापडतं: इंजिन ठणठणीत आणि हॉर्नला घरघर. नवी बॅटरी टाकली की प्रश्न सुटतो.

पल्सर 150

2001 च्या अखेरीस बाजारात आलेली ही गाडी पुण्या-पिंपरीच्या कारखानदारीचं अपत्य. तिच्याबद्दल आपल्याकडे आपुलकी आहे आणि ती रास्त आहे. पासिंगला ती स्प्लेंडरच्या थोडी मागे पडते, कारण तिच्यात बिघडण्यासारखं जास्त आहे.

पुढच्या डिस्क ब्रेकपासून बघू. गाडी सहा महिने उभी राहिली की कॅलिपरचा पिस्टन चिकटतो. ब्रेक लागतो, पण सोडल्यावर चाक मोकळं होत नाही. मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून हाताने फिरवा, ब्रेक दाबून सोडा आणि पुन्हा फिरवा. घासल्याचा आवाज येऊन चाक लगेच थांबत असेल तर कॅलिपर उघडून साफ करावा लागेल. लिव्हर दाबल्यावर तो हळूहळू आत बसत असेल तर मास्टर सिलिंडरचं किट बदलावं लागेल. ब्रेक शू बदलण्याइतकं हे स्वस्त नाही, तरी आवाक्यातलं आहे.

दुसरं, दोन स्पार्क प्लग. 2003 पासूनच्या डीटीएस-आय इंजिनात एक प्लग निकामी झाला तरी गाडी चालत राहते. थोडी ओढ कमी होते, मालक ‘जुनी झाली’ म्हणून सोडून देतो. सिलिंडरमध्ये मात्र पेट्रोल पूर्ण जळत नाही आणि पीयूसीच्या कागदावर हायड्रोकार्बनचा आकडा वर जातो. पल्सर पीयूसीला अडली तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी दोन्ही प्लग काढून बघा. एक तपकिरी कोरडा आणि दुसरा काळाकुट्ट ओला दिसला की रोग सापडला.

तिसरं, स्विच. डावीकडचा इंडिकेटर-डिप्परचा स्विच आतून गंजतो आणि दिवा कधी लागतो, कधी नाही. घरी लागणारा दिवा निरीक्षकासमोर लागेलच असं नाही. पल्सर घ्यायची ठरली तर मी बाकी कशावर नाही तरी नव्या स्विचवर पैसे घालीन.

कास्ट आयर्न बुलेट 350

हे इंजिन दीर्घायुषी आहे यात शंका नाही. पण पासिंगला ते दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे सायलेन्सर. कंपनीचा लांब सायलेन्सर काढून इंदोरी किंवा फटाका सायलेन्सर लावलेल्या बुलेटला कोणताही निरीक्षक परत पाठवेल आणि तेच योग्य आहे. दवाखान्याच्या, शाळेच्या दारावरून ती गाडी जाते तेव्हा होणारा त्रास खरा असतो. सौदा करताना जुना मूळ सायलेन्सर घरात पडलाय का विचारा. असेल तर तो सौद्यातच मागून घ्या.

दुसरं, धूर. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या जुन्या बुलेटमध्ये ऑइल टाकीतून क्रँककेसमध्ये उतरतं आणि सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं निळा धूर येतो. यावरून रिंग गेल्या असं समजून इंजिन उघडायची घाई करू नका. पाच-सहा किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण गरम करा. तोवर धूर थांबला तर पीयूसीला खुशाल जा. गरम इंजिनातही थांबला नाही तर मात्र रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्ह गाइडचं काम निघालंच.

आरएक्स 100

ही निवड मनाची असते, म्हणून इथे सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं. यामाहाची ही 98 सीसीची टू-स्ट्रोक 1985 ला आली आणि 1996 ला बंद झाली. म्हणजे बाजारातली सगळ्यात तरुण आरएक्ससुद्धा कितीतरी आधी पंधरा वर्षांची झाली आणि तिचं नूतनीकरण एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा झालेलं असायला हवं. ते झालंय का, हे आधी बघा.

गंमत अशी की पीयूसीच्या बाबतीत तिला जरा सवलत आहे. 31 मार्च 2000 पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 9,000 पीपीएम इतकं चालतं. त्यानंतरच्या, पण बीएस-4 च्या आधीच्या फोर-स्ट्रोकला, म्हणजे आपल्या स्प्लेंडर-पल्सरला, मर्यादा 3.5 टक्के आणि 4,500 पीपीएमची आहे. नीट ट्यून केलेली, मूळ सायलेन्सर आतून साफ केलेली आणि चांगलं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल वापरणारी आरएक्स त्या जुन्या मर्यादेत बसते.

ती अडकते नंबरांवर. इतक्या वर्षांत कितीतरी आरएक्सची इंजिनं बदलली गेली. फ्रेम एका गाडीची, इंजिन दुसरीचं, आणि आरसी त्यातल्या एकाशीच जुळणारी. नव्याने रंगवून चकचकीत केलेल्या गाडीत हा धोका जास्त, कारण रंगाखाली वेल्डिंग दिसत नाही. आरसीवर काळा लिहिलेला रंग आता लाल असतो, तोही नोंदवलेला नसतो. शिवाय खूप जुन्या गाडीची नोंद फक्त पुस्तकी आरसीवर असते, ऑनलाइन दिसत नाही. मग मूळ आरटीओतून बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून, करून घेतल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून गाडी दिसत नसेल तर बयाणासुद्धा देऊ नका.

पैशाचं गणित

1 एप्रिल 2022 पासून दुचाकीच्या नूतनीकरणाची फी 1,000 रुपये आहे. गाडी वीस वर्षांच्या पुढे गेली असेल तर 2025 च्या सुधारणेनुसार 2,000. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा, तो पाच वर्षांचा एकदम भरायचा. हे सगळं झेपण्यासारखं आहे. न झेपणारा आकडा उशिराचा आहे: मुदत संपल्यावर दर महिन्याला 300 रुपये. आरसी संपून तीन वर्षं झालेली स्प्लेंडर कुणी ‘स्वस्तात’ देत असेल तर 36 महिन्यांचे 10,800 रुपये आधी त्या किमतीत मिळवा. बऱ्याचदा तेवढ्यात मुदत शिल्लक असलेली दुसरी स्प्लेंडर मिळते. विक्रेत्याला नूतनीकरण करून द्यायला सांगा, किंवा ती रक्कम किमतीतून वळती करा.

घरची एकमेव गाडी म्हणून, रोज कामावर जायला घेत असाल तर स्प्लेंडर घ्या. महामार्गावर रोजचं येणं-जाणं असेल आणि जवळ पल्सरचा हात बसलेला मेकॅनिक असेल तर पल्सरलाही माझी हरकत नाही. डिस्क ब्रेक, प्लग आणि स्विच ही वरची तीन कामं आधीच धरून भाव करा. बुलेट दुसरी गाडी म्हणून, मूळ सायलेन्सरसह. आरएक्स फक्त तेव्हा, जेव्हा दोन्ही नंबर तुम्ही स्वतःच्या हाताने पेन्सिलने उमटवून आरसीशी जुळवले असतील.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून करता येतो. तालुक्याला आरटीओचं शिबिर भरत असेल तर गाडी तपासणीसाठी तिथे नेता येते का ते चौकशी करून ठेवा. जिल्ह्याची फेरी वाचते. जुलै-ऑगस्टमध्ये मुदत संपणाऱ्यांनी मे अखेरपर्यंत काम उरकावं, कारण भर पावसात दोन तास उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीचा ब्रेक लाइट आणि हॉर्न नेमका रांगेत नंबर आल्यावर बंद पडतो.