एफ-१०२ चं किट: कंबर झकास, फिटिंग बोंबललेलं

एफ-१०२ म्हणजे १९५० च्या दशकातलं अमेरिकन लढाऊ जेट, त्याचं हे जोडायचं मॉडेल. स्केल १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं), आणि एकाच बॉक्समध्ये दोन बॉडी येतात, एक १९५३ च्या प्रोटोटाइपची सरळसोट नळकांड्यासारखी आणि एक नंतरची बारीक कंबरेची. खरं सांगू तर मी एवढ्यासाठीच घेतलं.

जोडायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवून बघा, पैसे तिथेच वसूल. सरळ बॉडीला पंख धरा आणि काकडीच्या चकत्या पाडतो तशा नाकापासून शेपटीपर्यंत चकत्या पाडतोय असं समजा, पंख आले की चकती एकदम मोठी होते ना, ध्वनीच्या वेगाजवळ हवेला ते झेपत नाही, शॉक वेव्ह (हवेच्या दाबाच्या धक्क्याच्या लाटा) बनतात आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, भसकन वाढतो. खऱ्या विमानाचं हेच झालं, सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग काही ओलांडता येईना. मग अमेरिकन इंजिनिअर रिचर्ड व्हिटकॉम्बचा एरिया रूल कामी आला, पंखांनी जेवढी जागा वाढवली तेवढी बॉडीतून कापा, म्हणजे चकत्या हळूहळूच वाढतात आणि हळूहळूच कमी होतात. डिसेंबर १९५४ मध्ये उडालेलं सुधारित विमान आरामात पुढे गेलं (अर्थात बॉडी लांब पण केली होती, सगळं श्रेय कंबरेला देऊ नका).

मला सगळ्यात आवडले ते शेपटीजवळचे दोन फुगीर तुकडे. आधी वाटलं दुसऱ्या कुठल्या किटचे चुकून आलेत! पण मागे चकत्या फार पटकन लहान होत होत्या म्हणून खऱ्या विमानाला ते मुद्दाम चिकटवलेले, म्हणजे वजन वाढवून ड्रॅग कमी केला, आहे की नाही भारी?

आता रडगाणं. बॉडीच्या दोन अर्ध्या भागांमध्ये बरोबर कंबरेपाशीच फट राहते, चांगली नख जाईल एवढी. पुटी भरून घासायला बसलो आणि सपाट ब्लॉकने घासल्यामुळे ती सुंदर कंबरच सपाट झाली, मग परत पुटी, परत घासणं, दोन संध्याकाळी गेल्या. पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून घासा, मला उशिरा सुचलं. चाकांची दारं पण बसत नाहीत नीट. आणि माहितीपत्रकात रंगांचे नंबर पानभर पण दोन बॉडी का दिल्यात याची एक ओळ नाही, कमाल आहे राव.

पाचपैकी साडेतीन. सरळ बॉडी मी जोडलीच नाही, कंबरवालीच्या शेजारी तशीच ठेवलीये.