माझाच परतावा मला विकणारा कर-एजंट

ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्यांमध्ये ‘कापलेला टॅक्स परत काढून देतो’ असे सांगत फिरणाऱ्या एजंटांपैकी एकाने माझे आर्थिक वर्ष २०२२-२३ चे आयकर विवरणपत्र भरले आणि परताव्याचा चौथा हिस्सा फी म्हणून घेतला. त्या विवरणपत्रात त्याने माझ्या नावावर जे खोटे लिहून ठेवले, त्याची वसुली आता आयकर विभाग माझ्याकडून करत आहे. असे लोक आजही पार्किंगमध्ये भेटतात, म्हणून हा प्रकार कसा चालतो ते आकड्यांनिशी सांगतो.

ॲप-कंपनी चालकाला पगार देत नाही. आयकराच्या दृष्टीने चालक स्वतंत्र व्यावसायिक असतो. प्रवाशाने मोजलेले पूर्ण भाडे ही त्याची उलाढाल, कंपनीचे कमिशन हा त्याचा खर्च, आणि खात्यात जमा होते ती कमिशन वजा जाऊन उरलेली रक्कम. तेव्हाच्या कलम १९४-ओ प्रमाणे टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, मात्र पूर्ण भाड्यावर कापला जात होता. त्या वर्षी हा दर १ टक्का होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का झाला. माझे एकूण भाडे साडेनऊ लाख रुपये होते, त्यावर ९,५०० रुपये कापले गेले, आणि बँकेत ७ लाख २० हजार जमा झाले, ज्यातून इंधन, विमा, दुरुस्ती आणि गाडीच्या कर्जाचे व्याज भागवायचे होते. बहुतेक चालकांना बँकेतला आकडाच तेवढा ठाऊक असतो, आणि एजंटाचे सारे काम या दोन आकड्यांमधल्या अंतरावर चालते.

अशा व्यवसायासाठी, त्या वर्षाला लागू असलेल्या कलम ४४एडी मध्ये अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या किमान ८ टक्के रक्कम, किंवा प्रत्यक्ष नफा त्याहून अधिक असेल तर तो, उत्पन्न म्हणून आयटीआर-४ म्हणजे ‘सुगम’ या फॉर्ममध्ये दाखवायचा असतो. खर्च वजा जाता माझ्या हाती तीन लाखांच्या आसपास उरत होते. त्या वर्षी पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची सूट असल्यामुळे कर शून्य झाला असता आणि कापलेले ९,५०० रुपये एकही खोटा आकडा न लिहिता पूर्ण परत आले असते. मला आजही चीड येते ती याच गोष्टीची: जे पैसे सरळ मार्गाने माझेच होते, ते मिळवून देण्यासाठी या माणसाने लबाडी केली आणि वर त्यात वाटाही घेतला.

त्याने भरला तो आयटीआर-१, जो व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला चालतच नाही. बँकेत जमा झालेले ७ लाख २० हजार त्याने ‘पगार’ म्हणून दाखवले, त्यातून पगारदारांना मिळणारी ५० हजारांची प्रमाणित वजावट घेतली, मग ८०सी खाली दीड लाखाची गुंतवणूक आणि ८०जीजीसी खाली राजकीय पक्षाला ५० हजारांची देणगी दाखवून उत्पन्न ४ लाख ७० हजारांवर आणले. मी कोणत्याही पक्षाला कधी दमडीही दिलेली नाही.

हे माझ्यापासून लपले कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. पोर्टलवर माझे खाते उघडताना संपर्कासाठी त्याने स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि एक नवा ई-मेल पत्ता टाकला. आधारचा ओटीपी माझ्या फोनवर आला, तो त्याने ‘व्हेरिफिकेशन’ म्हणून विचारून घेतला. विवरणपत्रावर माझी संमती उमटली ती त्याच ओटीपीने. नंतर मला मिळाली ती फक्त पोचपावती, आणि पोचपावतीवर एकूण उत्पन्न, कर आणि परतावा एवढेच असते. वजावटींचा तपशील पूर्ण फॉर्ममध्ये असतो, जो त्याने कधीच दिला नाही.

वजावटींचे पुरावे मागणारी नोटीस त्याच ई-मेलवर गेली आणि अनुत्तरित राहिली. पुढे माझा नंतरच्या वर्षाचा परतावा जुन्या थकबाकीत वळता झाला, तेव्हा एका सीएकडून खाते उघडून घेतले आणि सगळे समोर आले. ८०सी आणि ८०जीजीसी या दोन्ही वजावटी नामंजूर झाल्यावर उत्पन्न ६ लाख ७० हजार ठरले आणि त्यावर ४८,३६० रुपयांचा कर निघाला, व्याज वेगळे. चुकीचे उत्पन्न जाणूनबुजून दाखवल्याचे ठरले, तर कलम २७०ए प्रमाणे कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. हे उत्पन्न पगार नसून व्यवसायाचे आहे, असे वार्षिक माहितीपत्रक म्हणजे एआयएस आणि कंपनीचे वार्षिक विवरण जोडून आम्ही कळवले आहे; प्रकरण अजून निकाली निघालेले नाही. एजंटाचा फोन बंद आहे.

हा प्रकार माझ्यापुरता नाही. खोट्या वजावटी दाखवणाऱ्या टोळ्यांविरुद्ध आयकर विभागाने १४ जुलै २०२५ रोजी अनेक ठिकाणी तपासणी केली, आणि घाऊक विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते तयार करून नंतर ते सोडून दिले जातात, हेही तेव्हा जाहीर केले. त्यामुळे कोणाकडूनही विवरणपत्र भरून घेतले असेल, तर पोर्टलवरील ‘प्रोफाइल’मध्ये मोबाइल आणि ई-मेल कोणाचा आहे ते आजच पाहावे, पूर्ण फॉर्म डाउनलोड करून वजावटींचा तक्ता वाचावा आणि उलाढाल एआयएसमधील आकड्याशी ताडून पाहावी. परताव्याच्या टक्केवारीवर फी मागणारा माणूस स्वतःला सीए म्हणवत असेल, तर तेवढ्यावरूनच शंका घ्यावी, कारण निकालावर अवलंबून असलेली किंवा टक्केवारीची फी घेण्यास सीएंना, मोजके अपवाद सोडता, कायद्यानेच मनाई आहे. शिवाय परतावा कधीही भरलेल्या किंवा कापलेल्या करापेक्षा जास्त असू शकत नाही. त्यावरचे व्याज काय ते वेगळे.

ज्यांच्या विवरणपत्रात असे खोटे दावे आहेत पण अजून नोटीस आलेली नाही, त्यांना अद्ययावत विवरणपत्र म्हणजे आयटीआर-यू भरून कर भरता येतो. २०२५ च्या बदलानंतर त्याची मुदत संबंधित कर-निर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष, संपल्यापासून ४८ महिने आहे. पहिल्या वर्षी कर आणि व्याजाच्या २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के जादा रक्कम द्यावी लागते. माझ्या त्या वर्षाची कर-निर्धारणाची कार्यवाही सुरू झाली, तेव्हा माझ्यासाठी हा मार्ग बंद झाला.