पडायचा तेव्हा पडणारा अडथळा: दहा हर्डल्सच्या संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या धावण्याच्या छोट्या मंडळासाठी गेल्या दिवाळीनंतर पुण्यातील एका क्रीडासाहित्याच्या दुकानातून उंची कमीजास्त करता येणाऱ्या दहा हर्डल्सचा, म्हणजे धावताना उडी मारून ओलांडायच्या अडथळ्यांचा, संच घेतला. प्रत्येक नगाला 3,600 रुपये पडले, टेम्पोचे भाडे वेगळे. संच आठ महिने मातीच्या मैदानावर वापरून झाला आहे, आणि शाळा, मंडळे किंवा पालक असा संच घेण्याच्या विचारात असतील तर त्यांना उपयोगी पडेल एवढे सांगण्यासारखे आता जमले आहे.

संच दहाचाच हवा होता आणि तो 76.2 सेंटीमीटरवर नीट लागायला हवा होता, याचे कारण 1900 सालच्या पॅरिसमधल्या एका शर्यतीत आहे. पुण्यात ऑलिंपिकचा विषय निघाला की बोलणे डेक्कन जिमखान्यावर येते, आणि ते रास्तच आहे, कारण 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याच्या खटपटीची सुरुवात दोराबजी टाटा अध्यक्ष असलेल्या याच संस्थेच्या मैदानावर झाली. मात्र त्याच्या वीस वर्षे आधी, 16 जुलै 1900 रोजी, कोलकात्यात जन्मलेले नॉर्मन प्रिचर्ड पॅरिसमध्ये 200 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत दुसरे आले होते, हे आमच्या मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. अमेरिकेचे आल्विन क्रेन्झलाइन 25.4 सेकंदांत पहिले आले आणि त्यांचेच देशबांधव वॉल्टर ट्यूक्सबरी तिसरे. प्रिचर्ड इंग्रज घराण्यातले असल्यामुळे त्यांचे पदक कोणत्या देशाचे यावर आजही वाद घातला जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ते भारताच्या नावावर मांडते, आणि मीही मुलांना तसेच सांगतो. 200 मीटरवर 76.2 सेंटीमीटर उंचीचे दहा अडथळे ओलांडण्याचा हा प्रकार 1904 नंतर ऑलिंपिकमधून गेला, पण मुलांनी तो एकदा तरी धावून पाहावा असे मनात होते.

या शर्यतीच्या खुणा आजच्या सिंथेटिक ट्रॅकवरही सहसा आखलेल्या नसतात, त्यामुळे टेप धरून मोजमाप करण्यावाचून गत्यंतर नाही. सुरुवातीच्या रेषेपासून पहिला अडथळा 18.29 मीटरवर, पुढे प्रत्येक दोन अडथळ्यांत तेवढेच अंतर, आणि दहाव्यापासून अखेरची रेषा 17.10 मीटरवर. फक्की मारून आम्ही हे आखले आणि मगच संचाची खरी परीक्षा सुरू झाली.

पहिल्या दर्शनी माल चांगला वाटला. नळ चौकोनी आणि जाड आहेत, पावडर कोटिंग एकसारखे आहे, आणि उंचीचे पाच टप्पे (76.2, 83.8, 91.4, 99.1 आणि 106.7 सेंटीमीटर) दोन्ही बाजूंच्या खटक्यांनी चटकन बदलता येतात. तेरा वर्षांच्या मुलीलाही ते एकटीने जमते. खटका खाचेत बसल्याचा आवाज स्पष्ट येतो, त्यामुळे एक बाजू वर आणि दुसरी खाली असा घोटाळा होत नाही. अडथळे एकात एक बसतात आणि दहाही आमच्या जिन्याखालच्या जागेत मावतात. पुण्यातल्या मंडळाला ही सोय किती मोलाची आहे हे निराळे सांगायला नको.

तरीही अडथळ्याची किंमत त्याच्या उभे राहण्यावर ठरत नाही, पडण्यावर ठरते. नियमानुसार आडव्या पट्टीच्या मध्यावर किमान 3.6 आणि जास्तीत जास्त 4 किलो एवढा जोर लागला की तो कलंडला पाहिजे. त्याहून हलका असेल तर वाऱ्याने पडेल, जड असेल तर नडगी फुटेल. पॅरिसच्या त्याच स्पर्धेत 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीसाठी टेलिफोनच्या तारांचे लांबलचक खांब ट्रॅकवर आडवे टाकले होते आणि शेवटच्या टप्प्यात पाण्याचा अडथळाही ठेवला होता. तिथे पाय लागला तर पडणार तो धावपटूच. अडथळा पाडण्याला पुढे शिक्षाही होती. 1932 साली आयर्लंडचे बॉब टिस्डल 400 मीटर अडथळ्यांत 51.7 सेकंदांत पहिले आले, पण एक अडथळा पाडल्यामुळे त्यांची वेळ जागतिक विक्रम म्हणून धरली गेली नाही. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा, धक्क्याने पुढे कलंडणारा अडथळा 1935 च्या सुमारास आला, आणि आपण आज विकत घेतो तो त्याचाच वारस.

दुकानदारांना मी विचारले होते, "पाय लागल्यावर हा किती जोराने पडतो?" त्यांनी उत्तर दिले, "सर, आपोआप पडतो, काळजीच नको." त्यावर विसंबण्याऐवजी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला असतो तसा ताणकाटा मी पट्टीच्या मध्यावर अडकवला आणि धावण्याच्या दिशेने हळूहळू ओढत काट्यावर नजर ठेवली. सर्वांत वरच्या टप्प्यावर दहाही अडथळे 3.7 ते 3.9 किलोच्या दरम्यान कलंडले. एवढे नेमके काम या किमतीत मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

खाली 76.2 वर आल्यावर मात्र दोन अडथळ्यांनी दगा दिला. पायाच्या नळांत सरकणारी वजने असतात. उंची कमी केली की ती उभ्या दांड्यांच्या बाजूला सरकवावी लागतात, कारण पट्टी खाली आली म्हणजे तरफ आखूड होते आणि तेवढ्याच वजनाला उलटवायला अधिक जोर लागतो. या दोन नगांत वजने मागच्या टोकाशीच घट्ट बसली होती. काट्याने 5 किलो 300 ग्रॅम दाखवले. एका मुलाचा मागचा गुडघा त्यातल्याच एकाला लागला, अडथळा जागचा हलला नाही आणि मुलगा तोंडावर आपटला. सुदैवाने खरचटण्यावर भागले, पण अडथळ्याने त्याच क्षणी पडायला हवे होते. नंतर नळात विजेरी मारून पाहिले तेव्हा आतल्या वेल्डिंगचा राहिलेला थेंब स्पष्ट दिसला.

तक्रार घेऊन गेलो असता दुकानाने टाळाटाळ केली नाही, परंतु "कंपनीकडून माणूस येईल" हे वाक्य तीन आठवडे ऐकावे लागले. शेवटी आमच्याच ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याने तो थेंब कानस मारून काढला आणि त्याचे 400 रुपये दुकानाने कुरकुर करत दिले. संचासोबत माहितीपत्रक नाही, आणि कोणत्या उंचीला वजन कुठे ठेवायचे याच्या खुणाही नळावर नाहीत. आम्ही ताणकाट्याने जागा शोधून रंगाच्या रेघा मारल्या. हे काम बनवणाऱ्याचे होते.

आणखी एक गोष्ट वस्तूच्या दोषात धरता येणार नाही, पण सांगणे भाग आहे. हा अडथळा एकाच दिशेने पडतो. परत येताना मुले मस्तीत उलट बाजूने उड्या मारतात, आणि त्या बाजूने तो कलंडण्याऐवजी आडवा येतो. आमच्याकडे या एका गोष्टीसाठी शिट्टी वाजते.

पावसाळ्यात खालचे रबरी बूच निघून नळात पाणी शिरले आणि तीन नगांना गंज धरला. पट्टी प्लास्टिकची असून कडा गोलसर आहेत, उन्हात अद्याप वाकलेली नाही. काळ्या पट्ट्यांचा रंग उडू लागला आहे.

जुलैत पुण्याच्या मातीवर शर्यत घेणे शक्यच नसते, म्हणून आमची पॅरिसची शर्यत जानेवारीत, दुरुस्तीनंतर झाली. पहिल्या आलेल्या मुलाला 31 सेकंद लागले, तेही घड्याळ माझ्या हातात असताना. त्याने सातवा अडथळा पाडला, तो अलगद पुढे झुकून आडवा झाला आणि मुलगा धावतच राहिला.

मला हा संच पाचपैकी साडेतीन गुणांचा वाटतो. घ्यायचा असेल तर दुकानात जाताना ताणकाटा सोबत ठेवावा, प्रत्येक नगाची वजने दोन्ही टोकांपर्यंत सरकवून पाहावीत, सर्वांत खालच्या टप्प्यावर ओढून काटा वाचावा, आणि हे सगळे पैसे देण्याआधी करावे.