दहा गिअरच्या जुन्या चाकांवर अकरा गिअरची कॅसेट : शिमानो एचजी७००

माझ्या सायकलीची चाके २०११ साली पुण्यातल्या एका जुन्या कारागिराने हाताने बांधून दिलेली आहेत. माविकच्या ओपन प्रो रिम, प्रत्येक चाकाला ३२ आरे आणि शिमानो १०५ मालिकेतले ५७०० क्रमांकाचे हब (चाकाच्या मधला, आरे जोडलेला भाग) अशी त्यांची जुळणी असून, इतक्या वर्षांत मागच्या चाकाचा आउट (वाकडेपणा) मला फक्त दोनदा काढून घ्यावा लागला. त्यामुळे झिजलेले शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलण्याचे दांडे) बदलून १०५ आर७००० हा अकरा गिअरचा संच घ्यायचे ठरवले, तेव्हा एका दुकानात ‘आता चाकेही नवीन घ्यावी लागतील’ असे सांगण्यात आले, याचे मला मनापासून वाईट वाटले. सुदैवाने ते सांगणे अर्धेच खरे होते. शिमानोची सीएस-एचजी७००-११ ही ११ ते ३४ दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच, बसवून मी तीच चाके आजही चालवतो आहे.

दुकानदाराचे म्हणणे कशावर आधारलेले होते, ते आधी सांगायला हवे. कॅसेट ज्या खाचा असलेल्या नळकांड्यावर सरकवतात, तो फ्रीहब आठ, नऊ आणि दहा गिअरच्या हबवर सारख्याच लांबीचा, म्हणजे सुमारे ३५ मिलिमीटरचा असतो. अकरा गिअरच्या रोड सायकलींसाठी शिमानोने तो १.८५ मिलिमीटरने लांब केला. ११ ते २८ दात्यांची नेहमीची अकरा गिअरची कॅसेट जुन्या फ्रीहबवर चढवली, तर शेवटचे चक्र खाचांच्या बाहेर राहते आणि कॅसेट जागेवर घट्ट धरणाऱ्या कडीला, म्हणजे लॉकरिंगला, नीट पकड मिळत नाही. काही जण अकरातले एक चक्र काढून टाकून उरलेली दहा वापरतात आणि तो उपाय चालतोही. परंतु पैसे अकरा चक्रांचे मोजल्यावर दहाच फिरवणे मला पटले नाही.

एचजी७०० मध्ये ही अडचण फार सुबक रीतीने सोडवली आहे. आरे हबजवळ कॅसेटला सर्वांत जवळ असतात आणि रिमकडे जाताना चाकाच्या मध्याकडे झुकत जातात. त्यामुळे चक्र जितके मोठे, तितकी त्याच्या दात्यांमागे आऱ्यांपर्यंत जास्त जागा मिळते. ३४ दात्यांचे चक्र एवढे मोठे आहे की ते फ्रीहबच्या मागच्या कडेपलीकडे, आऱ्यांच्या बाजूला थोडे सरकवून बसवता येते आणि तरीही चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या डिरेलरचा पिंजरा आऱ्यांना घासत नाही. माउंटन बाइकच्या अकरा गिअरच्या कॅसेटमध्ये हीच युक्ती आधीपासून होती. २८ दात्यांच्या चक्राला ती साधत नाही, कारण तेवढ्या उंचीवर आरे अजून पुरेसे आत झुकलेले नसतात. याच घडणीची आणि याच दात्यांची एचजी८०० ही कॅसेट वजनाने हलकी आणि किमतीने महाग आहे. माझ्या वापरासाठी मला तो फरक आवश्यक वाटला नाही.

बसवताना एका गोष्टीकडे अत्यंत काळजीपूर्वक पाहावे. कॅसेटबरोबर १.८५ मिलिमीटरचा एक स्पेसर (मोकळी जागा भरून काढणारी कडी) येतो आणि तो अकरा गिअरच्या लांब फ्रीहबसाठी आहे; जुन्या फ्रीहबवर तो लावायचा नाही. याशिवाय दहा गिअरच्या बहुतेक कॅसेटमागे १ मिलिमीटरचा पातळ स्पेसर असतो, जो वर्षानुवर्षांच्या ग्रीसमुळे फ्रीहबच्या तळाशी चिकटून राहतो आणि फ्रीहबचाच भाग असल्यासारखा दिसतो. माझ्या चाकावर तो तसाच राहिला होता. लॉकरिंग पुरेसे आत जाईना, तेव्हा सगळे पुन्हा उतरवले, टोकदार हत्याराने उचकून तो काढला आणि मग ४० न्यूटन-मीटरला लॉकरिंग व्यवस्थित बसले. चाक हातात होतेच, म्हणून हब उघडून दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ छर्रे बदलले आणि नवे ग्रीस भरले. जुने चाक पुढची काही वर्षे चालवायचे असेल, तर हे काम टाळू नये, आणि ब्रेक लागून रिमच्या कडा खोलगट झाल्या आहेत का, तेही पट्टी लावून पाहावे.

डिरेलर लांब पिंजऱ्याचा, म्हणजे जीएस प्रकारचाच घ्यावा लागतो. आर७००० चा आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३० दात्यांपर्यंतच चालतो. चेनची लांबीही ३४ दात्यांच्या चक्रावरूनच मोजावी.

खरा फरक सिंहगडावर कळला. माझी जुनी कॅसेट १२ ते २५ दात्यांची होती आणि पुढचे लहान चक्र ३४ दात्यांचे आहे. गोळेवाडीपासून सुरू होणाऱ्या त्या घाटात तीव्र चढावर माझा वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास असतो. जुन्या जुळणीत त्या वेगाला पायडल मिनिटाला ५२ वेळा फिरत, आता ती ७१ वेळा फिरतात. गुडघ्यांवर येणारा ताण यामुळे किती कमी होतो, हे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक सायकलस्वाराला मी आवर्जून सांगेन.

सपाटीवर मात्र काही गमवावे लागते. या कॅसेटची चक्रे ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३० आणि ३४ दात्यांची आहेत. १४ आणि १६ त्यात नाहीत. सोलापूर रस्त्यावर गटाबरोबर ताशी ३५ किलोमीटरने जाताना मला नेमके १६ हवे असते. १५ वरून १७ वर उतरले की पायांची गती एकदम १३ टक्क्यांनी वाढते आणि लय तुटते. ज्यांचे बहुतेक सायकलिंग सपाट रस्त्यावर वेगाने होते, त्यांनी ही कॅसेट घेण्याआधी याचा गांभीर्याने विचार करावा.

प्रत्येक जुन्या चाकाला हा उपाय लागू पडत नाही. शिमानोच्याच ड्युरा-एस मालिकेतल्या ७८०० क्रमांकाच्या हबच्या ॲल्युमिनियम फ्रीहबच्या खाचा वेगळ्या असून त्यावर फक्त दहा गिअरचीच कॅसेट बसते. सात गिअरचा फ्रीहब याहून आखूड असतो. आट्यांवर फिरवून बसवायचे फ्रीव्हील ज्या हबवर आहे, तिथे कॅसेटचा प्रश्नच येत नाही. १२६ मिलिमीटर रुंदीच्या जुन्या पोलादी फ्रेममध्ये १३० मिलिमीटरचे चाक बसवायचे तर फ्रेम ताणावी लागते, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. शिमानोच्या बारा गिअरच्या बहुतेक रोड कॅसेटना किमान अकरा गिअरचा लांब फ्रीहब लागतो. म्हणजे माझ्या हबसाठी अकरा गिअर हीच बहुधा शेवटची पायरी आहे, हे जाणूनच मी हा खर्च केला.

पेटीतला १.८५ चा स्पेसर मात्र फेकून देऊ नये. मी तो लॉकरिंगच्या पान्यालाच दोरीने बांधून ठेवला आहे, कारण कधी अकरा गिअरचे दुसरे चाक वापरायची वेळ आली, तर हीच कॅसेट त्यावर चढवताना तो मागे घालावाच लागेल.