भाड्याच्या घरात पाळीव प्राणी: सरसकट बंदी की लेखी अटींवर परवानगी?

पुण्यात फ्लॅट भाड्याने द्यायला काढला की एजंट हमखास विचारतो, ‘कुत्रा-मांजर असलेले भाडेकरू चालतील का?’ बहुतेक घरमालक विचार न करता ‘नाही’ म्हणतात. पहिली काही वर्षे मीही तेच म्हणत होतो. आता मी अटी घालून परवानगी देतो. ज्यांना आपल्या घरापुरता निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे दोन्ही मार्ग शेजारी ठेवून पाहतो.

बंदीचा मोठा गुण म्हणजे तिचा सोपेपणा. लिव्ह अँड लायसन्स करारात एक वाक्य घातले की घरमालक निश्चिंत होतो. मात्र ते वाक्य पाळले जाते की नाही, हे घर रिकामे होईपर्यंत कळत नाही. माझ्या एका भाडेकरूने करारातील बंदी मान्य करून सही केली आणि काही महिन्यांनी मांजर आणले. घर ताब्यात घेताना बेडरूमच्या कपाटाचा खालचा फळा फुगलेला होता, लॅमिनेट कडेने सुटले होते आणि खोलीत उग्र वास होता. फिनाईलने पुसले की तो वास तात्पुरता दबे आणि पावसाळी हवेत पुन्हा उठे, कारण मांजराच्या मूत्रातील यूरिक आम्लाचे स्फटिक साध्या पाण्याने निघत नाहीत आणि प्लायवुडच्या थरांत मुरून राहतात. अखेर फळाच बदलावा लागला. त्या भाडेकरूने आधी सांगितले असते, तर मांजराच्या शी-शूसाठी मातीचा ट्रे बाथरूममध्ये ठेवायचे ठरवता आले असते. बंदीमुळे मांजर यायचे टळले नाही. ते आल्याचे मला कळले नाही, एवढेच.

परवानगीत काम अधिक असते, पण घराची अवस्था लपून राहत नाही. पुढच्या कुटुंबाकडे लॅब्रेडॉर होता. त्यांच्याकडून मी रेबीजच्या लशीचे कार्ड आणि महापालिकेचा श्वान परवाना मागून घेतला, प्रत्येक खोलीचे फोटो काढून ते दोघांच्या ईमेलवर ठेवले आणि नेहमीच्या डिपॉझिटपेक्षा अधिक रक्कम घेतली. वाढीव डिपॉझिट करारात दाखवल्यास मुद्रांक शुल्क फार वाढेल ही भीती अनाठायी आहे. महाराष्ट्रात परत करण्याच्या डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्के व्याज गृहीत धरून ते भाड्यात मिळवतात आणि त्या बेरजेवर 0.25 टक्के शुल्क आकारतात. म्हणजे 50,000 रुपये जास्त घेतले, तर वर्षाला अवघे साडेबारा रुपये वाढतात. एवढ्यासाठी ती रक्कम कराराबाहेर तोंडी ठेवणे दोघांच्याही हिताचे नाही. ते कुटुंब गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारावर गुडघ्याच्या उंचीवर नखांचे ओरखडे होते. सुताराची मजुरी त्यांनी विनातक्रार दिली आणि उरलेले डिपॉझिट मी त्याच आठवड्यात परत केले.

तरीही परवानगी प्रत्येक घराला मानवेल असे नाही. व्हिट्रिफाइड टाइल्सची फरशी आणि मोजके फर्निचर असेल, तर कुत्र्यामुळे फारसे बिघडत नाही. लाकडी फरशी, संगमरवर किंवा कापडी सोफ्यांसह दिलेले घर असेल, तर मी आजही नकारच देईन. मांजर असल्यास मच्छरजाळ्या फाटणार हे धरूनच चालावे आणि वरच्या मजल्यावर बाल्कनीला मजबूत जाळी आहे का, हे आधी पाहावे. ही काळजी घरापेक्षा त्या जिवासाठी आहे. मासे किंवा कासव यांच्यासाठी वेगळी अट घालण्याची मला कधी गरज वाटली नाही. दिवसभर बंद वन-बीएचकेमध्ये एकटा राहणार असलेला मोठा कुत्रा मात्र मी नाकारला आहे, कारण तो भुंकतो ते कंटाळ्याने आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांइतकाच त्यालाही होतो.

सोसायटीची हरकत हे अनेकांच्या नकाराचे खरे कारण असते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही. हे भाडेकरूंनाही लागू आहे. तेव्हा कमिटीच्या भीतीने नकार देण्यापूर्वी अध्यक्ष-सचिवांशी एकदा शांतपणे बोलावे. आपले घर कोणत्या अटींवर द्यायचे, हा निर्णय अखेर घरमालकाचा असतो.

तो निर्णय सही होण्यापूर्वीच घ्यावा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. एकदा दिलेली परवानगी शेजाऱ्याच्या पहिल्या तक्रारीवर मागे घेतली, तर भाडेकरूला घर आणि जनावर यांतून एकाची निवड करावी लागते. अशा वेळी काही लोक कुत्र्याला दूरच्या रस्त्यावर सोडून येतात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा आहे, पण कायदा त्या कुत्र्यापर्यंत वेळेत पोहोचेलच असे नाही. म्हणून मी करारात तक्रार आल्यास एक महिन्याची सुधारणेची मुदत लिहितो आणि तेवढ्याने भागले नाही, तर करार संपेपर्यंत थांबून तो पुढे वाढवत नाही.