हेरिटेज हॉटेलात चार महिने: वास्तू भक्कम, डागडुजी पोकळ

कामानिमित्त चार महिने एका जुन्या दगडी वास्तूतल्या हॉटेलात राहिले. पहिल्या रात्री मी खूश होते, हे आधीच कबूल करते. हात-हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, कमानीची खिडकी. दोन रात्रींसाठी येणारे याच भरात पाच तारे देऊन जात असणार.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, माझ्या वाट्याला अर्धीच कमान आहे. एका दालनाच्या दोन खोल्या करताना जिप्सम बोर्डाची भिंत थेट खिडकीच्या मधोमध आणून टेकवलीय. बोर्ड आणि काचेत बोटभर फट, तिच्यातून शेजारचा पहाटेचा अलार्म माझ्या कानात. शेजारी बदलत गेले. चेहरा एकाचाही पाहिला नाही, पण घोरण्यावरून ओळखेन. जुन्या वास्तू वापरात ठेवाव्यात, मात्र त्यापायी त्यांची मांडणी बदलू नये, असं वास्तू-जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटलंय. इथे लॉबीत ‘वारसा’ची पितळी पाटी तेवढी चकचकीत.

खरा छळ ओलीचा. पलंगामागच्या भिंतीला लोणा लागलेला. सकाळी उशीवर पांढरी भुकटी. तक्रार केली की रंगारी यायचा, पोपडे खरवडून प्लास्टिक पेंट मारून जायचा. तीन आठवड्यांत पुन्हा फुगे. तिसऱ्या खेपेला ब्रश धुता धुता त्यानंच सांगितलं: “चुन्याची भिंत श्वास घेते ताई, ओल उडून जाते. यांनी वर सिमेंट थापलंय. पाणी आत कोंडतं आणि खार घेऊन फुटेल तिथून बाहेर येतं. पण मला रंग मारायला पाठवतात, गिलावा काढायला नाही.”

वायफायचा राउटर कॉरिडॉरमध्ये. दगडातून ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल आत येईना, २.४ च्या संथ सिग्नलवर कसंबसं भागायचं. महत्त्वाचे कॉल दार उघडं टाकून केले. बाथरूमला वीतभर उंच पायरी आहे. जुनी फरशी न फोडता पाइपांना उतार द्यायचा तर ती लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे एक दिवा लावता आला असता. अंगठा दोनदा ठेचला.

कर्मचारी मात्र मनापासून धावपळ करणारे. शेवटच्या आठवड्यात त्यांनीच मागची खोली दिली. पूर्वीचं कोठार, हात न लावलेलं, चुन्याचा गिलावा जसाच्या तसा. भिंत कोरडी ठणठणीत, दुपारी एसीसुद्धा लागला नाही. पुढच्या महिन्यात तिथेही ‘नूतनीकरण’ आहे म्हणे.