पाच प्रश्नांत मिळालेलं इंजेक्शन

माझं वजन ८१ किलो, उंची पाच फूट दोन इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण हा आकडा लपवायच्या नादात मी फसले.

मार्च २०२५मध्ये मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं आणि आमच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात दुसरा विषयच उरला नाही. आठवड्यातून एकदा सुई टोचायची, भूक आपोआप कमी. २.५ मिलिग्रॅमची एक बाटली तेव्हा ३,५०० रुपयांना, म्हणजे महिन्याचे १४,०००. शिवाय डॉक्टरांची चिठ्ठी हवी. मला पैशांपेक्षा चिठ्ठीची धास्ती. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे सर्दीसाठी गेलं तरी "आधी भात कमी करा" ऐकूनच बाहेर पडावं लागतं.

जूनमध्ये इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली. तेच औषध, चार डोस ६,५००, ऑनलाइन डॉक्टर मोफत. व्हॉट्सॲपवर फॉर्म आला: नाव, वय, उंची, वजन, पत्ता. बस. दहा मिनिटांत 'डॉक्टर अप्रूव्ह्ड'! त्या डॉक्टरचा ना आवाज ऐकला, ना नोंदणी क्रमांक विचारला. उलट कुणी काही विचारलं नाही याचंच हायसं वाटलं. यूपीआयने पैसे भरले. दुसऱ्या दिवशी 'कोल्ड चेन डिपॉझिट' म्हणून आणखी २,०००, तेही भरले.

चौथ्या दिवशी पार्सल आलं. चार बाटल्यांत पांढरी पावडर, वेगळ्या बाटलीत पाणी, इन्सुलिनच्या सिरिंज. बर्फाचं पाकीट कोमट झालेलं. खोकं नाही, बॅच नंबर नाही, चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांवर असते ती लाल उभी रेघ नाही, बिल तर नाहीच. विचारलं, तर "एक्स्पोर्ट पॅक आहे मॅडम" आणि पाणी कसं मिसळायचं त्याचा व्हिडिओ. मनात पाल चुकचुकली होती. पण साडेआठ हजार गेलेत, आता वाया कशाला घालवायचे, असा हिशेब मी केला. सेलमधला ड्रेस घट्ट झाला तरी घालतो ना, तसा.

रात्री नऊला टोचलं. अकराच्या सुमाराला घामाने गाऊन भिजला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळायला लागलं. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, साखर उतरलीय तुझी, मशीन आण." ५४! साखरेचं पाणी पाजून त्या माझी बोटं टोचत रात्रभर बसल्या. खरं तर तेव्हाच हॉस्पिटल गाठायला हवं होतं. मीच नको म्हटलं, कारण तिथे सगळं सांगावं लागलं असतं.

सकाळी नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला बाटली दाखवली. "ताई, मौंजारो पावडरीत येतच नाही. तयार, पाण्यासारखं औषध असतं, आणि आम्ही ते फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतो." माझ्या बाटलीत काय होतं ते कळलं नाही. पण २०२३मध्ये ऑस्ट्रियात नकली ओझेम्पिक (असंच आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन) टोचून घेतलेल्यांची साखर अशीच कोसळली होती, काहींना झटके आले होते, आणि त्यात इन्सुलिन असावं असा तिथल्या औषध नियंत्रकांचा संशय होता, हे नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

त्या नंबरवर भांडले तर रिफंडसाठी म्हणून क्यूआर कोड आला. पिन टाकणार, एवढ्यात लेक ओरडला, "आई, पैसे घ्यायला पिन लागत नाही!" मग सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला, एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार दिली. पैसे अजून परत आलेले नाहीत.

शेवटी ठाण्यातल्या एका एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टर बाईंकडे गेले, घडलेलं सगळं सांगितलं. भाताचं नावही नाही, पण प्रश्न किती! स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर? मी म्हटलं, मावशीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. कॅन्सर मेड्युलरी प्रकारचा असेल तर हे औषध देता येत नाही. त्या दिवशी रक्ताच्या तपासण्या लिहून मिळाल्या, औषध नाही.

कराडला फोन केला. मावसभावाने माळ्यावरून फाइल शोधून फोटो पाठवायला आठ दिवस लावले. पॅपिलरी निघाला, मेड्युलरी नाही. मग कुठे चिठ्ठी मिळाली: २.५ मिलिग्रॅम, चार आठवडे, मळमळ-उलट्या फार झाल्या तर थांबून फोन करा, पुढचं नंतर.

मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली, फ्रीजमधून खोकं काढलं, बिलावर बॅच नंबर टाकला आणि विचारलं, "घरी पोचायला किती वेळ लागेल, ताई? बर्फाची पिशवी देऊ का?"